अघोषित अण्वस्त्रांवर प्रबंधिका: पाकिस्तान, इस्रायल, दक्षिण आफ्रिका की भारत?

“सर, अघोषित अण्वस्त्रांवर करायचं ठरलंय. इस्रायलच घेऊ ना?” प्रबंधिकेचा विषय नोंदवायचे दिवस आले की ताळगावच्या पठारावरून, म्हणजे गोवा विद्यापीठातून, हा प्रश्न माझ्याकडे फोंड्यापर्यंत पोहोचतो. मी आता शिकवत नाही, पण विचारायला आलेल्याला परत पाठवत नाही. बहुतेकांनी इस्रायल आधीच मनाशी धरलेला असतो. बातम्यांत तोच असतो, शिवाय लष्करी सेवा संपवून हणजूण-हरमलला येऊन राहिलेले इस्रायली तरुण लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे तो देश ओळखीचा वाटतो. विषय निवडायला एवढे कारण पुरत नाही. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून लिहिलेले बरे.

चार म्हणजे इस्रायल, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि भारत. बॉम्ब तयार आहे किंवा थोडक्या काळात जोडता येईल, पण सरकार ना हो म्हणते ना नाही, अशी अवस्था या चौघांनी वर्षानुवर्षे चालवली. इस्रायलची अजून चालू आहे. पाकिस्तान आणि भारताची मे १९९८मध्ये संपली. दक्षिण आफ्रिकेने बॉम्ब आधी मोडले आणि मग, मार्च १९९३मध्ये, ते होते असे सांगितले. उत्तर कोरिया मी या यादीत धरत नाही. २००३मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडून फेब्रुवारी २००५मध्ये त्याने आपण होऊनच जाहीर केले. लपवण्यापेक्षा दाखवण्याची घाई जास्त. इराणही नाही. बॉम्बच्या जवळ पोहोचणे वेगळे आणि बॉम्ब बाळगून गप्प बसणे वेगळे, हा घोळ आराखड्यात राहिला तर मार्गदर्शक पहिल्याच भेटीत तो परत करतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

प्रश्न आधी, देश नंतर

‘अघोषित अण्वस्त्रांचा प्रादेशिक सुरक्षेवरील परिणाम’ हे शीर्षक भारदस्त वाटते, पण त्यात प्रश्न कुठे आहे? मी विद्यार्थ्यांना एकच विचारतो: बॉम्ब लपवला तो कुणापासून? उत्तर लगेच येते, शत्रूपासून. पण ज्याला माहीतच नाही त्याला धाक कसा बसणार? शत्रूला कळावे अशीच तजवीज केलेली असते. कधी एखाद्या शास्त्रज्ञाची मुलाखत, कधी मंत्र्याची घसरलेली जीभ, कधी न नाकारलेली बातमी. माझे मत असे झाले आहे की मूठ झाकलेली असते ती मित्राच्या सोयीसाठी. आत काय आहे हे मित्राला ठाऊक असते. मात्र ते अधिकृतपणे ठाऊक झाले तर स्वतःच्याच कायद्याप्रमाणे त्याला मदत तोडावी लागेल, बाकीच्या मित्रांना उत्तरे द्यावी लागतील. म्हणून दोघे संगनमताने काणाडोळा करतात. हे मत चारही ठिकाणी सारखे लागू पडत नाही, आणि तुलनेला रंग चढतो तो तिथेच.

करारांकडे असे बघायला गोव्याच्या मुलांना फार शिकवावे लागत नाही. पोर्तुगाल १९४९पासून नाटोचा संस्थापक सदस्य, तरी डिसेंबर १९६१मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा नाटो हलली नाही. त्या कराराच्या सहाव्या कलमात संरक्षण कोणत्या भूभागाचे ते लिहिले आहे आणि मांडवी-जुवारी त्यात बसत नाहीत. १९५५मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांसोबत काढलेल्या निवेदनात या वसाहतींना पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटले होते. वेळ आली तेव्हा शब्दांपलीकडे काही मिळाले नाही, आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार भारताच्या बाजूने पडला. करार कुणाशी, कुठवर, कोणत्या अटीवर, हेच आता अण्वस्त्रांच्या बाबतीत विचारायचे आहे.

पाकिस्तान आणि इस्रायल: मित्र तोच, वागणूक दोन तऱ्हेची

ही जोडी एकत्र वाचावी. दोघांचा आश्रयदाता अमेरिका, दोघांनी बॉम्ब केला, दोघांनी तोंड बंद ठेवले. एकाची मदत तोडली गेली, दुसऱ्याची कधीच नाही.

पाकिस्तानची कथा कालक्रमाने मांडली तरी निष्कर्ष आपोआप पुढे येतो. जानेवारी १९७२मध्ये मुलतानच्या बैठकीत झुल्फिकार अली भुट्टोंनी शास्त्रज्ञांना कामाला लावले. १९७६पासून अब्दुल कादीर खान कहुटा येथे युरेनियम संपृक्त करण्याच्या मागे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत सिमिंग्टन दुरुस्ती आली: निरीक्षणाबाहेर संपृक्तीकरणाची सामग्री मिळवणाऱ्या देशाची मदत बंद. एप्रिल १९७९मध्ये कार्टर सरकारने तिच्या आधारे पाकिस्तानची मदत थांबवली. वर्ष सरायच्या आत सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि कायद्यातून वाट काढली गेली. १९८१मध्ये रेगन सरकारने सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि वर एफ-१६ विमाने देऊ केली.

मग १९८५ची प्रेसलर दुरुस्ती. प्रबंधिका पाकिस्तानवर असो वा नसो, हिचा मजकूर प्रत्येकाने वाचावा. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी लेखी द्यायचे की पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही. तरच मदत सुरू राहील. १९८९पर्यंत असे लेखी दिले गेले. दरम्यान १९८७मध्ये पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया यांनी ‘टाइम’ साप्ताहिकाला सांगून टाकले होते की पाकिस्तान मनात येईल तेव्हा बॉम्ब बनवू शकतो. फेब्रुवारी १९८९मध्ये सोव्हिएत फौजांची माघार पूर्ण झाली. ऑक्टोबर १९९०मध्ये थोरल्या बुश यांनी प्रमाणपत्र दिले नाही. मदत थांबली, आणि पाकिस्तान ज्यांचे पैसे भरत होता अशी २८ एफ-१६ विमाने अमेरिकेच्या वाळवंटात उभी राहिली. मधल्या काळात कहुट्याचे काम पुढे गेले होते हे खरे, पण अमेरिकेला त्याची कुणकुण १९९०मध्ये पहिल्यांदा लागली असे कुणी गंभीरपणे म्हणणार नाही. गरज सरली होती.

शत्रूशी, म्हणजे आपल्याशी, पाकिस्तान कसा बोलत होता तेही बघा. १९८६-८७च्या हिवाळ्यात राजस्थानात आपल्या लष्कराचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव चालला होता आणि दोन्ही फौजा समोरासमोर आल्या होत्या. जानेवारी १९८७च्या अखेरीस कादीर खान यांनी पत्रकार कुलदीप नय्यर यांना मुलाखत दिली आणि बॉम्ब असल्याचे सुचवले. ती छापून आली मार्चमध्ये, तोवर झिया जयपूरला क्रिकेटचा सामना बघून गेलेही होते. म्हणजे धाकाचा निरोप निघाला, पण वेळेवर पोहोचला नाही. अघोषित बॉम्बची ही मोठी अडचण, आणि यावर एक अख्खे प्रकरण होईल: जाहीर न केलेला इशारा पोहोचला की नाही हे देणाऱ्यालाही कळत नाही. १९९०च्या वसंतात काश्मीरवरून पुन्हा तणाव वाढला तेव्हा अमेरिकेने रॉबर्ट गेट्स यांना इस्लामाबाद आणि दिल्लीला धाडले. मध्यस्थ धावत येतो हे पाकिस्तानच्या लक्षात आले असणार. बॉम्बच्या आडोशाने काश्मिरात छुपे युद्ध चालवायचे धाडस वाढले असा युक्तिवाद अनेक अभ्यासक करतात. १९८९नंतरची वर्षे पाहिली तर तो झटकून टाकता येत नाही.

आता इस्रायल. नेगेव्हच्या वाळवंटातील डिमोनाची अणुभट्टी फ्रान्सच्या मदतीने उभी राहिली. डिसेंबर १९६०मध्ये तिचा बोभाटा झाल्यावर बेन-गुरियन यांनी संसदेत ती शांततामय कामासाठी असल्याचे सांगितले. केनेडी यांनी तपासणीसाठी खरोखरच दबाव आणला होता. तो पुढे ओसरला, आणि २६ सप्टेंबर १९६९ रोजी व्हाइट हाउसमध्ये निक्सन आणि इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर दोघेच बोलले. त्या बोलण्याचे टिपण नाही. पण त्यानंतर जे घडले त्यावरून समजूत कोणती झाली ते स्पष्ट दिसते: इस्रायलने चाचणी करायची नाही, जाहीर करायचे नाही, अमेरिकेने करारावर सही करायचा आग्रह धरायचा नाही, डिमोनाला पाहुणे पाठवायचे नाहीत. त्याच वर्षीच्या जुलैतले निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचे टिपण आता खुले आहे. आपल्याला किमान हवे ते एवढेच की इस्रायलकडे बॉम्ब असणे ही जगजाहीर वस्तुस्थिती होऊ नये, असा त्याचा सूर. माझ्या मताला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

मग पाकिस्तानची मदत तुटली आणि इस्रायलची का नाही? ज्यूंचा अमेरिकेतील प्रभाव, असे एका ओळीत उत्तर लिहून मोकळे होऊ नका. कायद्याची बाजू बघा. सिमिंग्टन आणि तिच्या जोडीची ग्लेन या दुरुस्त्या पुढे होणाऱ्या व्यवहारांना लागू होत्या. डिमोना त्याआधीच उभी होती. पाकिस्तानसाठी वर्षाचे प्रमाणपत्र लागायचे, म्हणजे खोटे बोलायचे तर दरवर्षी नव्याने आणि लेखी बोलावे लागे. इस्रायलबाबत काहीच लेखी नव्हते, त्यामुळे मोडायलाही काही नव्हते. आणि सोव्हिएत फौजा माघारी गेल्यावर पाकिस्तानची निकड संपली, तशी इस्रायलची कधी संपली नाही.

या समजुतीतून सुरक्षा किती मिळाली, हा दुसरा भाग. ऑक्टोबर १९७३मध्ये इजिप्त आणि सीरिया यांनी हल्ला केलाच. डिमोनाबद्दल कैरोत कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी उद्दिष्ट मर्यादित ठेवले, सिनाई आणि गोलानपुरते, असे म्हणता येते. पण त्याचे श्रेय बॉम्बला किती आणि स्वतःच्या ताकदीच्या अंदाजाला किती, हे ठरवणे सोपे नाही. अमेरिकेने मात्र हवाई मार्गाने शस्त्रसामग्रीचा ओघ लावला. १९९१ तर वर्गात शिकवायलाच घडले की काय असे वाटते. इराकने सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रे इस्रायलवर सोडली आणि अण्वस्त्रधारी इस्रायल अमेरिकेच्या विनंतीवरून हात बांधून बसला, कारण तो उतरला असता तर सद्दामविरोधी आघाडीतली अरब राष्ट्रे बिथरली असती. मित्राने क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या पॅट्रियट यंत्रणा पाठवल्या, त्याबदली संयम मागून घेतला.

शेजारावरचा परिणाम याहून खोल आहे. आपला बॉम्ब झाकायचा तर दुसऱ्याचा होऊच द्यायचा नाही, हे ओघाने आले: जून १९८१मध्ये इराकची ओसिराक भट्टी, सप्टेंबर २००७मध्ये सीरियातील भट्टी, जून २०२५मध्ये इराण, आणि या शेवटच्या वेळी काही दिवसांत अमेरिकाही फोर्दो, नतान्झ, इस्फाहानवर बॉम्ब टाकायला उतरली. सीरियावरचा हल्ला आपणच केला हे इस्रायलने २०१८पर्यंत मान्य केले नव्हते. भट्टीही अघोषित, हल्लाही अघोषित. सीरियाला सूड घेण्याची सक्ती वाटू नये यासाठी ही शांतता दोघांच्या सोयीची होती. दुसरीकडे इजिप्त १९७४पासून पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करा म्हणत आला आहे. १९९५मध्ये प्रसारबंदी करार कायमचा करताना अरब देशांना तसा ठराव देऊन राजी केले गेले. तो अमलात आला नाही, आणि २०१५ची आढावा परिषद याच मुद्द्यावर फिसकटली. एका देशाचे मौन अख्ख्या जगाच्या कराराला कसे अडते, हे दाखवायचे असेल तर इस्रायलला पर्याय नाही.

विषय म्हणून तोटा सांगतो: लिहून लिहून चोथा झालेला आहे. नवे काय सांगणार, याचे उत्तर हातात नसेल तर वळू नका. शिवाय वाचणारा आधीच बाजू घेऊन बसलेला असतो.

दक्षिण आफ्रिका: सगळ्यांत दुर्लक्षित, सगळ्यांत स्वच्छ

माझा लोभ या विषयावर आहे, लपवत नाही. सहा बॉम्ब पूर्ण, सातवा अर्धवट. युरेनियम प्रिटोरियाजवळ वालिंडाबा येथे संपृक्त केलेले. २४ मार्च १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत हे सांगितले, आणि धोरणही सांगितले: परिस्थिती फारच बिघडली तर एखाद्या बड्या राष्ट्राला, उदाहरणार्थ अमेरिकेला, खासगीत कल्पना द्यायची आणि हस्तक्षेप करायला लावायचे. बॉम्ब मित्रासाठी असतो हे मी वर अनुमानाने म्हटले. इथे ते राष्ट्रप्रमुखाच्या तोंडचे आहे. अंगोलाच्या युद्धात समोर उभ्या असलेल्या क्यूबाच्या सैनिकांवर टाकण्यासाठी नव्हे, वॉशिंग्टनचे दार वाजवण्यासाठी.

गंमत अशी की ज्याच्यासाठी ही सगळी तयारी, तो मित्र म्हणवून घ्यायला राजी नव्हता. ऑगस्ट १९७७मध्ये कलहारीतील वास्ट्राप येथे चाचणीची तयारी सोव्हिएत उपग्रहाने टिपली. मॉस्कोने ती वॉशिंग्टनला कळवली, आणि दोघांनी मिळून दबाव आणला. नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली. १९८६मध्ये अमेरिकी काँग्रेसने वर्णद्वेषाविरुद्ध व्यापक निर्बंध लादले. अंगोलाचा प्रश्न सुटला तो १९८७-८८च्या मैदानी लढायांनंतर, डिसेंबर १९८८च्या न्यूयॉर्क कराराने. क्यूबाचे सैनिक परत जायचे, नामिबिया स्वतंत्र व्हायचा. या सगळ्यात सहा बॉम्ब कुठेच नव्हते. धोका गेला, बहुसंख्याकांचे सरकार येणार हे दिसू लागले, तेव्हा ते मोडले गेले. जुलै १९९१मध्ये देश प्रसारबंदी करारात आला आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कागद तपासले. काळ्या सरकारच्या हाती बॉम्ब जाऊ नये हाही हेतू होता का? मला तो होता असे वाटते. हा प्रश्न प्रबंधिकेत टाळू नका.

प्रदेशाचे म्हणाल तर शेवट इथेच बरा झाला. १९९६मध्ये आफ्रिका अण्वस्त्रमुक्त क्षेत्राचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याला नाव मिळाले पेलिंडाबाचे, म्हणजे जिथे हा कार्यक्रम वाढला त्याच जागेचे. २२ सप्टेंबर १९७९ रोजी व्हेला उपग्रहाने दक्षिणेच्या समुद्रावर टिपलेल्या दुहेरी झगमगाटाचा छडा मात्र अजून निर्विवाद लागलेला नाही. चाचणी कुणाची, इस्रायलची की दोघांची, यात वाहून जाऊ नका. शंभर पाने लिहून झाली तरी तुम्ही होता तिथेच असाल.

भारत: माझे मत जिथे लंगडते

भारताला तसा आश्रयदाता नव्हता. सोव्हिएत संघाशी ऑगस्ट १९७१चा करार होता, त्याच डिसेंबरात अमेरिकेची एंटरप्राइझ नौका बंगालच्या उपसागरात आली तेव्हा त्याचा आधारही वाटला. पण मॉस्कोला काणाडोळा करता यावा म्हणून दिल्लीने बॉम्ब झाकला असे म्हणायला जागा नाही. १९७४चा पोखरणचा स्फोट ‘शांततामय’ म्हणवला गेला तो काही अंशी स्वतःसाठी. निःशस्त्रीकरणाचा जो आवाज आपण जगात लावला होता त्याच्याशी बॉम्ब जुळत नव्हता. नोव्हेंबर १९८३मध्ये राष्ट्रकुलाचे नेते दिल्लीहून विश्रांतीच्या बैठकीसाठी आग्वादला आले आणि इथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचे ‘गोवा घोषणापत्र’ निघाले. महासत्तांच्या शस्त्रस्पर्धेबद्दल चिंता त्यात आहे. यजमान इंदिरा गांधींच्या मागे पोखरण होते. ही दोन टोके एका देशात कशी नांदली यावर आपल्याकडच्या विद्यार्थ्याने लिहायला हरकत नाही, घोषणापत्राला नावही आपलेच आहे.

किंमत मात्र मोजावी लागली. स्फोटाला प्लुटोनियम पुरवणारी भट्टी कॅनडाची, त्यामुळे कॅनडाने हात काढला. अणुसामग्रीच्या पुरवठादार देशांनी १९७५पासून गट करून नियम बांधले. अमेरिकेच्या १९७८च्या कायद्याने तारापूरचे इंधन अडकले, शेवटी फ्रान्सकडून आणावे लागले. डिसेंबर १९९५मध्ये पोखरणची हालचाल अमेरिकी उपग्रहांनी पाहिली आणि नरसिंह राव सरकारने पाऊल मागे घेतले. मे १९९८मध्ये वाजपेयींनी चाचण्या केल्याच. निर्बंध आले. मग जसवंत सिंग आणि स्ट्रोब टालबट यांच्या दीर्घ वाटाघाटी, जुलै २००५चे संयुक्त निवेदन, सप्टेंबर २००८मध्ये त्याच पुरवठादार गटाने दिलेली सूट. झाकून ठेवल्यामुळे मैत्री टिकते हे पाकिस्तान-इस्रायलवरून काढलेले सूत्र इथे उलटे पडते: भारताला मित्र मिळाला तो उघड केल्यानंतर दहा वर्षांत. याला चीन कारणीभूत की बाजारपेठ की बॉम्ब, हे वेगळे काढून दाखवता आले तर ती चांगली प्रबंधिका.

प्रदेशाच्या बाजूने एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार झाला. काणकोणपासून फार दूर नसलेल्या कैग्यासारख्या प्रकल्पांना त्याचे कवच. १९९२पासून दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होते, संबंध कितीही बिघडलेले असोत. म्हणजे अघोषित काळातही विश्वासाची पावले टाकता येतात. पण बोलता आले ते भट्ट्यांबद्दल. जे अस्तित्वातच नाही असे दोघे म्हणत होते त्या शस्त्रांबद्दल बोलणार कसे? क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा मुद्दा लाहोरला, फेब्रुवारी १९९९मध्ये आला आणि करार २००५मध्ये झाला. दुसऱ्या बाजूला, लाहोरनंतर काही महिन्यांतच कारगिल घडले. जाहीर केले की शांतता येते असे म्हणणाऱ्यांनी ते वर्ष ओलांडून जाऊ नये.

एका शब्दाचे वजन

घोषित आणि अघोषित यांतला फरक चटकन दाखवायचा असेल तर दोन मंत्र्यांची वाक्ये शेजारी ठेवा. १० नोव्हेंबर २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले की ‘प्रथम वापर नाही’ या शब्दाने मी स्वतःला का बांधून घ्यावे. मंत्रालयाने लगेच खुलासा केला की ते त्यांचे वैयक्तिक मत. पर्रीकरभाईंच्या स्वभावाला धरूनच होते ते, पण खुलासा करता आला याचे कारण २००३पासून लेखी सिद्धान्त आहे. त्याकडे बोट दाखवता आले. नोव्हेंबर २०२३मध्ये इस्रायलचे एक मंत्री, अमिहाय एलियाहू, गाझावर अणुबॉम्ब हा एक पर्याय असल्याचे बोलून गेले. नेतान्याहू यांनी त्यांना मंत्रिमंडळाच्या बैठकांतून दूर ठेवले, पण धोरण काय आहे हे सांगू शकले नाहीत. सांगायला धोरण असल्याचे मान्य करावे लागले असते.

कुणी न उचललेला एक पाचवा विषयही सुचवतो. अण्वस्त्रे घोषित देशाची, पण नौकेवर आहेत की नाहीत ते सांगायचे नाही, हे अमेरिकी नौदलाचे धोरण. फेब्रुवारी १९८५मध्ये न्यूझीलंडने ‘बुकॅनन’ या विनाशिकेला बंदरात घेतले नाही, कारण वर अण्वस्त्र नाही असे अमेरिका सांगेना. पुढच्या वर्षी अमेरिकेने त्या देशाच्या संरक्षणाची कराराने आलेली जबाबदारी स्थगित केली. न बोलण्यावरून मैत्री तुटली याचे इतके नितळ उदाहरण दुसरे नाही. २०२५च्या जानेवारीत फ्रान्सची अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू नौका ‘शार्ल द गोल’ गोव्यात आली होती. यजमान देश अशा वेळी काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, हा मुरगावच्या मुलाने घेण्याजोगा विषय आहे.

कागद, वेळ आणि निवड

तुमच्याकडे एक वर्ष आहे, परदेशी जायला पैसे नाहीत. हे धरून चाललो तर पाकिस्तान आणि इस्रायल यांचे अमेरिकी कागद सर्वांत हाताशी: वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हने खुले झालेले दस्तऐवज संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत, विल्सन सेंटरचाही असाच संग्रह आहे. दक्षिण आफ्रिकेचे थोडे कमी, पण जे आहे ते थेट, आणि डी क्लर्क यांचे भाषण तर पूर्ण मिळते. भारताचे सरकारी कागद सर्वांत कमी खुले. लोकसभेतील चर्चा आणि दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे निबंध यांवर भागवावे लागेल. वेरे येथे नेव्हल वॉर कॉलेज आहे, तिथले ग्रंथालय तुमच्यासाठी उघडेल हे गृहीत धरू नका. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मात्र जुनी वर्तमानपत्रे चाळा. १९७४ आणि १९९८च्या स्फोटांवर गोव्यातल्या मराठी दैनिकांनी काय लिहिले, हे प्रकरण भारतावरच्या प्रबंधिकेत घातलेत तर ते तुमचेच असेल, कुणी आधी लिहिलेले नसेल.

मैत्री आणि करार हा तुमचा कल असेल तर माझे मत स्पष्ट आहे: पाकिस्तान, १९७९ ते १९९०. सुरुवात आणि शेवट ठरलेले, कायदा लेखी, तारखा पक्क्या, आणि जोडीला एका प्रकरणात इस्रायल. नुसता इस्रायल घेऊ नका. कमी गर्दीचा विषय हवा आणि वर्णद्वेषाच्या इतिहासात शिरायची तयारी असेल तर दक्षिण आफ्रिका. सर्वांत वाचनीय प्रबंधिका तीच होईल. भारत घ्यायचा तर मूळ कागद तुटपुंजे हे स्वीकारून, आणि देशभक्तीचा सूर मार्गदर्शकांआधी स्वतःच खोडून काढायची सवय असेल तर.

पाकिस्तान घेणाऱ्यांना शेवटच्या प्रकरणासाठी ताजा मुद्दाही मिळतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला: एकावरचा हल्ला तो दोघांवरचा. संयुक्त निवेदनात अण्वस्त्रांचा उल्लेख नाही. सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या २०२५च्या अंदाजाप्रमाणे पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे आहेत, आणि ती आता कुणापासून लपलेली नाहीत. ती रियाधच्या कामी येतील का, यावर मात्र दोघे पुन्हा मोघम बोलतात. प्रेसलर दुरुस्तीचा मजकूर आणि हे निवेदन एकाच दिवशी वाचा, मग आराखडा लिहायला बसा.